कपाळावरील डाग आणि मेंदूची एक बाजू

आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं बाजारांत, आगगाडींत अथवा जत्रेंत केव्हांना केव्हां असें एखादें मूल पाहिलें असेल कीं, ज्याच्या कपाळाची व पापणीची एक बाजू जांभळट तांबडी आहे. जणूं कोणी त्या बाजूवर कोकमाचा रस सांडला आणि तो पुसावयाचा राहून गेला. हा डाग बहुधा चेहऱ्याच्या मध्यरेषेपाशीं येऊन एकाएकीं थांबतो व पलीकडची बाजू स्वच्छ असते. आपण क्षणभर टक लावून पाहतों आणि पुढें जातों. परंतु त्या मुलाच्या आईस असे पाहणारे डोळे दिवसांतून कितीदां तरी भेटतात, आणि एखादी म्हातारी थांबून विचारतेही, "काय ग पोरी, ग्रहणांत काय चिरलेंस?"

या प्रश्नाचें खरें उत्तर सांगण्यासाठीं हा लेख आहे. शाळेच्या वार्षिकांत रोगाची चर्चा कशाला, असें कोणास वाटेल. पण तें मूल उद्यां शाळेंत येणार, आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या तरी शेजारीं बाकावर बसणार, आणि त्याच्याविषयीं आपण जें ऐकिलें असेल त्यावरच आपलें त्याच्याशीं वागणें ठरणार.

प्रथम डागाविषयीं. पोर्तुगालांत होणाऱ्या पोर्ट नांवाच्या गडद तांबड्या द्राक्षमद्याच्या रंगावरून यास पोर्ट-वाइन डाग असें नांव पडलें आहे. कातडीखालील अत्यंत बारीक रक्तवाहिन्या जन्मापासूनच रुंदावलेल्या असतात व त्यांतील रक्ताचा रंग वर दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. तो स्पर्शानें लागत नाहीं, धुतल्यानें जात नाहीं, आणि मूल वाढेल तसतसा त्याच्याबरोबर वाढतो. दर हजार मुलांत सुमारें तिघांच्या अंगावर कोठें ना कोठें असा डाग असतो, आणि बहुतेकांच्या बाबतींत गोष्ट कातडीपाशींच संपते. सोव्हिएट संघाचे अखेरचे अध्यक्ष मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरील डाग साऱ्या जगानें छायाचित्रांत पाहिला आहे. त्या डागासह त्यांनीं एका महासत्तेचा कारभार पाहिला व १९३१ ते २०२२ असें ९१ वर्षांचें आयुष्य भोगिलें. तेव्हां डाग दिसला कीं रोग आहेच, असें मानण्याचें कारण नाहीं.

परंतु थोड्या मुलांत, म्हणजे वीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत जन्मणाऱ्या मुलांत एखाद्याच्या बाबतींत, बाहेर जें कपाळावर दिसतें तसेंच कांहीं आंत मेंदूच्या पातळ आवरणावरही असतें. डाग कपाळावर व वरच्या पापणीवर असेल तर ही शंका अधिक घ्यावी लागते. केवळ गालावर असेल तर फारच कमी. या विकारास स्टर्ज-वेबर विकार म्हणतात. तो जन्मजात आहे, आणि बहुसंख्य रोग्यांत तो मेंदूच्या एकाच बाजूस असतो. दुसरी बाजू निरोगी राहते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें कळून येईल.

आंत काय आहे हें मेंदू न उघडतां प्रथम ज्यानें ओळखिलें, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८७९ सालीं लंडन येथील क्लिनिकल सोसायटी या वैद्यमंडळापुढें विल्यम ॲलन स्टर्ज नांवाच्या डॉक्टरानें साडेसहा वर्षांच्या एका मुलीची हकीकत मांडली. त्या वेळीं त्याचें वय तिशीच्या आंतच होतें. मुलीच्या चेहऱ्याच्या व डोक्याच्या उजव्या बाजूवर गडद डाग होता. त्याच बाजूच्या डोळ्यांतही दोष होता. आणि तिला आकडीचे जे झटके येत, ते मात्र शरीराच्या डाव्या बाजूस सुरू होत. वरवर पाहणाऱ्यास यांत विसंगति दिसेल: डाग उजवीकडे, झटके डावीकडे. स्टर्जला हीच विसंगति गुरुकिल्ली वाटली. मेंदूपासून निघणारे हालचालींचे मज्जातंतू मानेच्या वर, मेंदूच्या तळाशीं, एकमेकांस ओलांडून जातात. म्हणून उजवा मेंदू डावा हात हलवितो व डावा मेंदू उजवा. झटके डावीकडे येतात त्या अर्थीं बिघाड उजव्या मेंदूंत आहे; आणि डागही उजव्याच बाजूस आहे. मग जो डाग आपण कातडीवर पाहतों, तसाच एक मेंदूच्या उजव्या पृष्ठभागावर असला पाहिजे, असें त्यानें अनुमान केलें.

क्ष-किरणांचा शोध त्यानंतर सोळा वर्षांनीं, १८९५ सालीं लागला. तेव्हां स्टर्जपाशीं दाखविण्यासारखा पुरावा कोणताच नव्हता, केवळ तर्क होता, आणि पुष्कळ समकालीन वैद्यांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. १८९७ सालीं बर्लिन येथें झीगफ्रीड कालिशर या वैद्यानें अशाच एका मृत बालकाचा मेंदू विद्वानांपुढें ठेविला. त्याच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्यांचें तेंच जांभळें जाळें होतें. भूमितींतील सिद्धांत पाठ करणाऱ्या आमच्या वाचकांनीं हें उदाहरण अवश्य पाहावें. दोन निरीक्षणें आणि शरीररचनेचा एक नियम एवढ्यावर स्टर्जनें जें सांगितलें, तें अठरा वर्षांनीं डोळ्यांस दिसलें.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी असावी. या स्टर्जची पत्नी एमिली बोव्हेल ही स्वतः डॉक्टर होती. १८६९ सालीं एडिंबरो विद्यापीठांत वैद्यक शिकण्याचा हट्ट धरणाऱ्या आणि त्यापायीं दगडमातीचा मार व शिव्या सोसणाऱ्या ज्या सात स्त्रिया प्रसिद्ध आहेत, त्यांपैकीं ती एक. त्या सातांतलीच दुसरी एडिथ पीची. ती १८८३ सालीं मुंबईस आली आणि स्त्रियांसाठीं उघडलेल्या कामा रुग्णालयाचा कारभार तिनें सांभाळिला. मुंबईच्या ज्या कुटुंबांतील मुली आज डॉक्टर होतात, त्यांच्या पणजीआजींस हें नांव ठाऊक असेल. असो.

विकाराच्या नांवांतील दुसरें नांव फ्रेडरिक पार्क्स वेबर यांचें. हेही लंडनचे. १९२२ सालीं त्यांनीं अशा एका रोग्याच्या मेंदूचें क्ष-किरणचित्र प्रसिद्ध केलें. रक्त साचून राहणाऱ्या त्या जाळ्याखालीं मेंदूच्या भागास पोषण नीट मिळत नाहीं, आणि हळूहळू तेथें चुना सांठतो. पुढें मोठ्या मुलांच्या क्ष-किरणचित्रांत या चुन्याच्या दोन समांतर वळणदार रेषा दिसतात, त्यांस डॉक्टर लोक 'ट्रामचे रूळ' म्हणतात. मुंबईची ट्राम १९६४ सालीं बंद झाली, तथापि ही उपमा वैद्यांच्या पुस्तकांत अद्याप चालू आहे. आज चुना दिसेपर्यंत थांबावें लागत नाहीं. चुंबकाच्या साह्यानें मेंदूचें चित्र काढणाऱ्या एम्. आर्. आय्. यंत्रांत तें जाळें आधींच दिसूं शकतें.

आतां चौकस वाचक विचारील कीं, कपाळाची कातडी आणि मेंदूचा मागील भाग यांचा संबंध काय? जाळें तर बहुधा मेंदूच्या मागच्या व वरच्या भागावर सांपडतें. याचें उत्तर आईच्या पोटांत शोधावें लागतें. गर्भ पहिल्या दोन महिन्यांचा असतांना, ज्या पेशींपासून पुढें कपाळाची व पापणीची कातडी होणार आणि ज्यांपासून मेंदूचा मागील भाग होणार, त्या एकमेकींस अगदीं लागून असतात. त्या दोहोंस रक्त पुरविणारें जाळेंही एकच असतें. नंतर मेंदू झपाट्यानें वाढतो व त्याचा तो भाग मागें सरकतो. एका भिंतीआड राहणारीं दोन बिऱ्हाडें पुढें गांवाच्या दोन टोकांस जाऊन राहावींत तसा हा प्रकार आहे. वाडा एक असतांना जो ओलावा भिंतीस लागला, त्याची खूण दोघांच्याही सामानावर राहिली, इतकेंच.

तो ओलावा कोणता, हें २०१३ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. त्यांनीं प्रथम तीन रोग्यांच्या शरीरांतून डाग असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही भागांचे नमुने घेऊन, त्यांतील आनुवंशिक द्रव्याची अक्षर न् अक्षर तुलना केली. आपल्या प्रत्येक पेशींत शरीर घडविण्याच्या सूचना रासायनिक अक्षरांनीं लिहिलेल्या असतात. अशीं अक्षरें तीन अब्जांहून अधिक आहेत. जी-एन्-ए-क्यू या नांवाच्या एका सूचनेंत एकच अक्षर बदललेलें निघालें. पुढें स्टर्ज-वेबर विकार असलेल्या २६ जणांच्या विकृत भागांचे नमुने तपासले, त्यांपैकीं २३ जणांत तोच बदल सांपडला. ज्यांस मेंदूचा विकार नाहीं, नुसता डाग आहे, त्यांच्या डागांतही बहुतेकांत तोच.

या शोधाचें मर्म आम्ही एका दृष्टांतानें सांगतों. मूळ पोथी अगदीं शुद्ध आहे. तीवरून नकला होत आहेत, नकलांच्या नकला होत आहेत. मध्येंच एका नकलेंत एक अक्षर चुकलें. आतां त्या एका नकलेवरून ज्या ज्या प्रती पुढें होतील त्या सर्वांत ती चूक राहील, बाकीच्या सर्व प्रती निर्दोष राहतील. गर्भ वाढतांना एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार अशा प्रती होत जातात, आणि त्यांतील एकीच्या नकलेंत हा दोष उत्पन्न होतो. संशोधकांचें अनुमान असें कीं, तो फार लवकर झाला तर कातडी, डोळा व मेंदू या तिघांच्या रक्तवाहिन्यांत त्याची शाखा पोंचते. उशीरां झाला तर नुसत्या कातडींत. मूळ पोथी, म्हणजे आईबापांकडून आलेलें बीज, शुद्धच होतें. म्हणून हा विकार वंशपरंपरेनें येत नाहीं. पहिल्या मुलास झाला म्हणून दुसऱ्यास होईल, किंवा डाग असलेल्या मुलीच्या मुलांस होईल, अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां त्या म्हातारीच्या प्रश्नाकडे वळूं. ग्रहण लागलें असतां गर्भवतीनें विळी हातीं धरूं नये, सुई ओवूं नये, बाहेर पडूं नये, असे निर्बंध आपल्याकडे घरोघरीं पाळले जात आणि आजही अनेक घरीं पाळले जातात. त्यांत नुसतें घरांत विश्रांति घेण्यापुरतें असतें तर आमची तक्रार नव्हती. परंतु मूल डाग घेऊन जन्मलें कीं, तोच निर्बंध आईवर खटला भरतो. तिला आठवत नाहीं असें ती म्हणाली तर 'नकळत चिरलें असेल' असें म्हणतात. त्या नऊ महिन्यांत ग्रहणच नव्हतें असें निघालें तर दुसरा कांहीं दोष शोधितात. ज्या आरोपास कोणताही बचाव चालत नाहीं, तो आरोप न्यायाचा नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांसही कळेल.

विचार करून पाहा. एक ग्रहण कोट्यवधि लोकांस दिसतें, त्यांत गर्भवती स्त्रिया लाखों असतात, आणि त्यांपैकीं ज्यांनीं त्या दिवशीं भाजी चिरली त्या कमी नसतील. मग तितकीं मुलें डाग घेऊन कां जन्मत नाहींत? उलट, स्टर्जच्या लंडनमध्यें ग्रहणांत विळी धरूं नये असा कोणाचाच दंडक नव्हता. तेथेंही हें मूल जन्मलें, आणि जपानांतही जन्मतें. आईनें काय खाल्लें, काय पाहिलें, कोणास दुखविलें, यांपैकीं कशाचाही या अक्षराशीं संबंध नाहीं. बापाचाही नाहीं. हें वाक्य ज्या घरांत वाचून दाखविण्याची गरज आहे, त्या घरांत तें कोणी तरी मोठ्यानें वाचून दाखवावें, अशी आमची इच्छा आहे.

विकाराचें रूप कसें, तें आतां सांगतों. मेंदूंत जाळें असलेल्या मुलांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश मुलांस पहिल्या वर्षाच्या आंतच आकडी येऊं लागते. मेंदूच्या पेशींचा व्यवहार विजेच्या सूक्ष्म लहरींनीं चालतो. पोषण अपुरें पडलेल्या भागांत या लहरी एकदम बेताल उठतात, तीच आकडी. उजवा मेंदू विकृत असेल तर डावा हात, डावा पाय झटके देतो. पुष्कळांचा तो हात-पाय दुर्बल राहतो, वाढ थोडी कमी होते, आणि त्या बाजूची अर्धी दृष्टिही जाते. कधीं कधीं आकडीनंतर किंवा डोक्यास साधा मार लागल्यावर कांहीं तास वा दिवस तें अंग लुळें पडतें व मग पूर्ववत् होतें. कित्येक मुलांस शिकण्यास वेळ लागतो. परंतु सर्वांचें सारखें नसतें. ज्यांची आकडी लवकर ताब्यांत आली, अशीं मुलें इतरांबरोबर शाळा करितात, परीक्षा देतात, नोकरीधंदा करितात.

आकडी शाळेंतही येऊं शकते, म्हणून त्या वेळीं काय करावें तें मुलांनींच शिकून ठेवावें. त्यास सपाट जागीं निजवून एका कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ बाहेर पडेल व श्वास कोंडणार नाहीं. गळ्याचें बटण सैल करावें, डोक्याखालीं घडी केलेलें कापड द्यावें, जवळचीं बाकें दूर सारावींत. झटके देणारे हात-पाय दाबून धरूं नयेत. तोंडांत चमचा, बोट, पाणी, कांहीं घालूं नये. जीभ गिळली जाते हा भ्रम आहे, आणि चमच्यानें दात मात्र तुटतात. एकानें घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांत झटके थांबले नाहींत, अथवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरा झटका सुरू झाला, तर तत्काळ रुग्णालयांत न्यावें. कांदा फोडून हुंगविणें, पायांतली वहाण नाकाशीं धरणें, मुठींत किल्ली कोंबणें, हे उपाय आम्ही सर्वांनीं पाहिले आहेत. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. तेवढ्यांत वहाण आणून झालेली असते, आणि श्रेय वहाणेस मिळतें!

मुलींच्या आईबापांस आणखी एक चिंता असते, ती लग्नाची. त्यांच्या माहितीसाठीं एवढें सांगतों कीं, १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत वारंवार येणाऱ्या अपस्माराचा उल्लेख विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत होता. १९९९ सालीं दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकण्यांत आला. कायद्यानें जें सोडिलें तें समाजानें धरून ठेविलें आहे, हें दुर्दैव.

उपचारांत पहिला मान आकडी थांबविणाऱ्या औषधांचा. तीं नेमानें घ्यावीं लागतात. 'आतां बरें आहे' म्हणून आपल्या मनानें बंद केलीं कीं, आकडी अधिक जोरानें परतण्याचा धोका असतो. रक्त साचूं नये म्हणून कित्येक डॉक्टर अगदीं थोड्या प्रमाणांत ॲस्पिरिन देतात. पण लहान मुलांस ॲस्पिरिन घरच्या घरीं कधींच देऊं नये, तें काम डॉक्टरचेंच. डागावर विशिष्ट किरणांचा लेसर प्रयोग करितात. अनेक वेळां करावा लागतो व त्यानें रंग पुष्कळ फिकट होतो, सर्वस्वीं जातोच असें नाहीं.

आणि औषधांनीं कांहींच गुण येत नसेल, दिवसांतून कित्येक वेळां आकडी येत असेल, तर एक मोठी शस्त्रक्रिया करितात. ऐकून अंगावर कांटा येईल, परंतु ती विकृत अर्ध्या मेंदूचा निरोगी अर्ध्याशीं असलेला संबंध तोडण्याची शस्त्रक्रिया आहे. १९५० सालीं जोहान्सबर्ग येथील शस्त्रवैद्य रोलंड क्रायनॉ यांनीं, लहानपणापासून एक अंग दुर्बल असलेल्या व आकडीनें बेजार अशा १२ मुलांवर केलेल्या अशा शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. तेव्हां अर्धा मेंदू काढून टाकीत. पुढें अनेक वर्षांनीं त्या पोकळींत रक्तस्राव होऊन कांहीं रोगी दगावूं लागले, म्हणून आतां बहुतेक ठिकाणीं तो भाग जागींच ठेवून केवळ त्याचे तंतू तोडतात. येथेंच दुसरी बाजू निरोगी असल्याचें महत्त्व कळतें. लहान वयांत उरलेला अर्धा मेंदू पुष्कळसें काम शिकून घेतो. डावा मेंदू, ज्यावर बहुतेकांची वाचा अवलंबून असते, तो निकामी झाला तरी लहान मूल उजव्यानें बोलूं लागतें. चालणें येतें, धावणेंही येतें. हाताच्या बोटांचें बारीक काम मात्र त्या बाजूस परत येत नाहीं, व अर्धी दृष्टिही येत नाहीं.

डोळ्याकडे पालकांचें दुर्लक्ष फार होतें, म्हणून तेवढें सांगून पुरें करितों. या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांस डागाच्या बाजूच्या डोळ्यांतील दाब वाढण्याचा विकार होतो; त्यास काचबिंदु म्हणतात. तो तान्हेपणीं होतो किंवा पुढें मोठेपणींही होतो, पुष्कळदां दुखत नाहीं, आणि गेलेली दृष्टि परत मिळत नाहीं. यासाठीं मूल रडत नसलें, कुरकुरत नसलें तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठरल्या वेळीं नेलेंच पाहिजे. आणि वर्गांत अशा मुलास बसवितांना गुरुजींनीं विचारावें कीं, त्याची कोणत्या बाजूची दृष्टि गेली आहे. डावीकडचें दिसत नसेल तर फळ्याकडे तोंड करून वर्गाच्या डाव्या कडेच्या बाकावर त्यास जागा द्यावी, म्हणजे फळा, गुरुजी आणि सोबती सर्व त्याच्या उजवीकडे, त्यास दिसणाऱ्या बाजूस येतील.